सगळ्या रकान्यांत ‘होय’

...आणि वर मलाच विचारतात, ‘सुरक्षा अधिकारी कोण?’ अहो, मी! मीच! हसू नका. मलाही तेव्हा हसू आलं होतं. बूटदुरुस्तीचा कारखाना, तळघरातली एक खोली, एक शिलाईचं मशीन, एक घासायचं, तीन स्टुलं, आणि त्यातल्या एका स्टुलावर अधिकारी! झालं काय, वरून कागद आला की प्रत्येक कारखान्यात असा एक माणूस नेमा, तर मालकांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि म्हणाले, ‘तुझं अक्षर बरं आहे.’ संपलं. झालो अधिकारी.

पण मला माझं नाही सांगायचं, मला दाजींचं सांगायचंय. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, माझ्या शेजारच्या स्टुलावर सत्तावीस वर्षं. त्यांनीच मला चिकटवलं या धंद्यात... चिकटवलं म्हणजे, काम त्यांचं तेच, चिकटवायचं! तळ फाटला, टाच निघाली, की दाजी ब्रश बुडवणार त्या पत्र्याच्या डब्यात, सोल्युशन लावणार, फुंकर मारणार, दाबणार. दिवसाला चाळीस जोड. आणि त्या डब्याचा वास... तुम्हाला सांगतो, पहिल्या दिवशी मी पायऱ्यांवर येऊन ओकलो. दाजी पाठीवर हात फिरवत म्हणाले, ‘सवय होते रे.’

आणि झाली! तीच तर गंमत आहे. सवय होते.

पंखा नव्हता का? होता की! भिंतीत भोक पाडून वास बाहेर फेकणारा पंखा, चांगला दणकट. पण तो वास जायचा कुठं, तर वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांत. बाई खाली आल्या, ‘अहो, माझ्या उशांच्या अभ्र्यांना बुटांचा वास येतो, आम्ही माणसं आहोत की नाही?’ मालक म्हणाले, ‘बरोबर आहे बाई,’ आणि पंखा बंद. मग त्या भोकातून गार वारा यायला लागला, म्हणून त्यावर काहीतरी टांगायला हवं, आणि नेमका त्याच मापाचा फळा आमच्याकडं आला होता. त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘तुमची सुरक्षा, आमची जबाबदारी.’ असा चपखल बसला म्हणून सांगू!

मास्कही आले, खोकं भरून. पण चुका, म्हणजे ते बारीक खिळे हो, आम्ही ओठांत धरतो. एक हात बुटाला, एक हातोडीला, मग खिळे धरायचे कुठं, कानात? दाजींनी मास्क लावून बघितला, दोन खिळे आत पडले, तिसरा गिळता गिळता राहिला. त्या दिवसापासून मास्कांनी आम्ही पॉलिश पुसतो. मऊ असतात. ते सोडा.

दर शनिवारी मी वही भरायचो. पंखा चालू, होय. मास्क, होय. खिडक्या उघड्या, होय. आता तळघराला खिडकी कुठून आली? मी विचारलं मालकांना. म्हणाले, ‘खिडकी नाहीच, मग ती बंद आहे असं कसं लिहिशील?’ बघा! लिहिलं ‘होय’. तपासनीस आले, फळ्याचा फोटो काढला, वही चाळली, ‘अक्षर सुंदर आहे हो’ म्हणाले, रुमाल नाकाला लावून, ‘वास मात्र...’ मी काय म्हणालो असेन? ‘साहेब, सवय होते.’

मग दाजींच्या पायाला मुंग्या यायला लागल्या. सारखं बसून येतात, आम्हालाही येतात, त्यात काय! मग एके दिवशी दाजी घरी पोचले ते एकाच चपलेत. ताई म्हणाली, ‘अहो, दुसरी कुठंय?’ दाजी खाली बघतात तर खरंच नाही! जिन्यात निसटली होती, यांना पत्ताच नाही. आम्ही महिनाभर हसलो हो. आख्ख्या गावाची पादत्राणं दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःच्या पायातली चप्पल गेलेली कळत नाही! दाजीही हसले. मग सपाट फरशीवर ठेचकाळायला लागले, तेव्हा ते हसायचे थांबले. आम्ही थांबलो नाही.

आणि मग तो दिवस... संध्याकाळी दाजी घरी आले, बूट काढले, स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले. ताई बाहेर आली तर दारापासून माठापर्यंत फरशीवर लाल पावलं. एकाच पायाची. ताई म्हणाली, ‘पायावर रंग सांडला का हो?’ आमच्याकडं असतो ना तो तांबडा पॉलिशचा रंग. दाजींनी खाली बघितलं आणि म्हणाले, ‘सांडला असेल.’ ती फडकं घेऊन पुसायला बसली, तिनं पाय उचलून धरला... तळव्यात आमचा खिळा. पार आत. बुटात पडलेला, त्यावरच पाय दिलेला. सकाळपासून का दुपारपासून, देवाला ठाऊक. माणूस चालत होता!

दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टरबाई सुई लावून विचारतात, ‘टोचतंय?’ दाजी छताकडं बघत म्हणतात, ‘लावा ना तुम्ही, लावा, मी तयार आहे.’ बाईंनी सुई माझ्याकडं वळून दाखवली. टोकाला रक्त होतं. मग म्हणाल्या, ‘काम काय करता? तो डबा घेऊन या.’ आणला. त्यांनी तो फिरवला आणि मागची मुंगीएवढी अक्षरं मोठ्यानं वाचली, ‘फक्त हवेशीर जागेतच वापरावे.’ आणि माझ्याकडं बघून, ‘कोणी वाचलं नाही?’

अधिकाऱ्यानं डबा उचलून परत पिशवीत घातला.

पायात पू झाला होता, दोन बोटं काढावी लागली. नसा म्हणे हळूहळू सुधारतील, थोड्या, त्या वासापासून लांब राहिले तर. ताई बाकावर बसली होती. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘तू शेजारीच बसायचास ना रे?’

चौकशी झाली. साहेबांनी वही उघडली, ‘पंखा चालू होता?’ मालक माझ्याकडं बघतायत. आणि तुम्हाला सांगतो, मला त्या फरशीवरची पावलं दिसली. म्हटलं, ‘नाही. एक दिवसही नाही.’ म्हणाले, ‘मग हे ‘होय’ कोणी लिहिलं?’ मी म्हटलं, ‘मी.’ ‘सही?’ ‘माझीच.’ झालं! मालकांनी कपाळाला हात लावला, ‘साहेब, मी डोळे मिटून विश्वास टाकला हो याच्यावर!’ ठपका माझ्यावर. खोटी नोंद केली म्हणून. ती मी केलीच होती, नाही कसं म्हणू?

फळा काढला, पंखा लागला. पंधरा दिवस, मोजून. सोळाव्या दिवशी बाई खाली आल्या, हातात अभ्रा. आता पंखा बाईंचे कपडे वाळून झाल्यावर लागतो, म्हणजे आमची सुटी झाल्यावर. रिकाम्या खोलीला इतकी छान हवा लागते म्हणता!

दाजी घरी असतात. अंघोळीचं पाणी ताई आधी हात घालून बघते, कढत असलं तरी यांना कळत नाही ना. मी त्यांच्या स्टुलावर बसतो. दुसरं कोण बसणार? मला दुसरं येतं काय? आणि ठपका लागलेल्या माणसाला नवीन काम कोण देतो?

आता रोज कामावरून आलो की मी दार लावतो, मोजे काढतो आणि पायाचा अंगठा चिमटून बघतो. दुखला की इतकं बरं वाटतं, काय सांगू तुम्हाला!

काल जरा जोरात चिमटावा लागला.