चिमटा होता खुंटीवर

मी गिरजा. बुरडाची लेक अन् बुरडाचीच सून. माहेर वैनगंगेच्या पल्याड, सासर हे इथी चामोर्शीच्या बाजूले, अन् दोन्हीकडे धंदा एकच, बांबू चिरा, कामट्या काढा, सुपं विना, टोपल्या विना. तुम्ही शाळेतले गुरुजी, तुमच्या बोटाले खडूशिवाय काही माहीत नाई, आज बाकड्याची फास गेली, लाकडाची बारीक काडीच बोटात घुसली, तं तसेच माह्या दारात आले, बरं केलं, उशीर नाई केला. बोट राहू द्या त्या गरम पान्यात, मीठ टाकलं आहे, कातडी नरम झाली का फास तोंड वर काढते, मंग कौसी चिमट्यानं ओढून घेईन. कौसी म्हन्जे माही जाऊ, ते पाहा तिकडे सूप विनून राह्यली. मी नाई ओढत. काऊन नाई ओढत म्हनून इचारलं तुम्ही, तं आयका, अन् लिहून घ्याचं आहे म्हन्ता तं सारं लिवा, रागाचं आहे म्हनून गाळू नका.

माही माय मोठी हुशार होती बाप्पा. आमच्या घरात पाच लेकरं, अन् बांबूच्या घरात लेकरू मोठं होते ते बोटातून रक्त काढतच. कापलं तं माय फडक्यानं दाबून धरे अन् हात वर कराले लावे, रक्त थांबलं का हळद. बांबूची कुसळं बोटाले लागली, खाज सुटली, तं म्हने डोक्याच्या केसावर बोटं घास, निघून जातात, अन् खरंच निघून जात. भिजलेल्या कामट्या दिवसभर हाताळून बोटाच्या बेचक्या पांढऱ्या पडत, सडत, तं राती हात कोरडे करून मेंदी लावे. भेगाले राळेचा मलम. अन् फास गेली तं सुई दिव्यावर धरून लाल करे, थंडी होऊ दे, अन् फास ज्या वाटेनं आत गेली त्याच वाटेनं बाहेर काढे, उकरू नोको म्हने, उकरलं का घर करते. पोरगा असो का पोरगी, मायच्या मांडीवर हात ठेवला का काम झालं. मले वाटे साऱ्या दुनियेत असंच असन.

सासरी आली तं पाह्यलं, इथी फास काढाचं काम मामाजीचं. मामाजी म्हन्जे माहा सासरा. त्याच्यापाशी एक लोखंडी चिमटा, लोहारापासून मुद्दाम करून घेतलेला, टोक असं बारीक का केसाले धरन. उंबऱ्याच्या वरच्या खुंटीवर टांगलेला राहे. गावातले बुरड, कुनबी, गाडीवान, कोनाच्याही बोटात काही गेलं तं मामाजीपाशी येत. घरच्या पोराचं तं काय सांगू तुम्हाले! माह्या नवऱ्याच्या बोटात एकदा एवढीशी फास गेली तं आत्याबाईनं, माह्या सासूनं, पानी तापवलं, हळद-तेल गरम केलं, मामाजीनं चिमट्यानं काढली, अन् दोन दिवस हा बाप्पा खाटेवर, बोटाले चिंधी बांधून, जसं काही बोट नाई, पायच तुटला. मी तिथीच बसून टोपली विनून राह्यली होती. कोनाच्या मनात आलं नाई का हिच्याही बोटात काही असन.

कारन आमच्यात सून सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाई, त्याच्यासंग बोलत नाई, काही सांगाचं असलं तं सासूच्या तोंडून सांगते. तं मंग हात कसा दाखवन? सासऱ्यानं सुनेचा हात धरला तं म्हने पाप. बरं, आत्याबाईनं काढावी, तं तिच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू, तिले सुपातले खडे दिसत नाई, फास कुठी दिसन? म्हन्जे गुरुजी, साऱ्या गावच्या बोटाचा वैद्य माह्या घरात, अन् घरात फकस्त एकाच मानसाले त्याचा उपेग नाई. ते मानूस म्हन्जे मी.

तवा मालगुजारी, म्हन्जे जमीनदारी, नुकतीच गेलती, पन मालगुजार गेला नवता. त्याच्या घरी लग्न निघालं, सुपं, दुरड्या, टोपल्या, साऱ्या आमच्याकडून. माहा नवरा अन् दीर बांबू आनाले जंगलात गेले, आठ दिवस तरी येत नाई. घरी आम्ही तिघं. तिसऱ्या दिवशी उजव्या हाताच्या ह्या पह्यल्या बोटात, नखाच्या बाजूले, कामटीची फास गेली. चांगली लांब, आतपर्यंत. डाव्या हातानं सुई घेऊन पाह्यलं, डावा हात ऐकेचना. आत्याबाईले म्हन्लं तं म्हने, बाईच्या बोटाले काय होते, विन, विनता विनता निघून जाईन. शेजारच्या म्हातारीपाशी गेली, तिनं बाभळीच्या काट्यानं उकरलं अन् फास आतच मोडली. मायनं सांगतलं होतं उकरू नोको. पन माय होती नदीपल्याड.

दुसऱ्या दिवशी बोट लाल. तिसऱ्या दिवशी नखाची कड फुगली, टचटच टचटच, जसं काही आत कोनी हातोडी मारून राह्यलं. नखुरडं झालं. मी आत्याबाईच्या पाया पडली, म्हन्लं मामाजीले सांगा, मधी फडकं धरा, पदराआडून हात देते, तोंड नाई दाखवत, एक घडीचं काम आहे. आत्याबाईनं सांगतलं. मामाजी हा असा, तुम्ही बसले तितक्याच अंतरावर बसून तंबाखू मळून राह्यला होता. तो म्हने सुनेच्या हाताले हात लावू का आता, गावाले तोंड कसं दाखवू? मंग मी म्हनाले लावलं, चिमटा तरी द्या, मी शेजारनीकडून काढून घेते. तं म्हने हत्यार आहे ते, बाईचा हात लागला का धंदा बसते. बाईचा हात! सुपं कोन विनून राह्यलं होतं, गुरुजी? त्या मालगुजाराच्या पोरीच्या लग्नाचं एक एक सूप कोनाच्या हातानं झालं? तवा नाई बसला धंदा!

मंग आत्याबाईले आठोलं बिबा. आता तुम्ही शहरातले, तुम्हाले सांगतलं पाह्यजे. आमच्या रानात बिबे पायलीनं. पायाच्या तळव्यात काटा मोडला तं बिबा सुईले टोचून दिव्यावर गरम करतात अन् त्याच्या तेलाचा चटका तळव्याले देतात. तळवा म्हन्जे काय, चामड्याचा जोडा, बिन चपलेनं फिरून झालेला, त्याले चालते. आत्याबाईनं साऱ्या जन्मात गड्याच्या तळव्याले बिबा लावलेला, तिचा इस्वास. मी म्हन्लं आत्याबाई, बोट आहे हे, नखुरडं आहे. तं म्हने काटा तो काटा. अन् तिले दिसे नाई, एक थेंब लावाचा तिथी सारं बोट माखलं, अन् वरून घट्ट चिंधी बांधली. वाईट मनानं नाई केलं तिनं, हे लिवा. वाईट मनानं केलं असतं तं मी तिच्यावर राग काढून मोकळी झाली असती.

बिबा उतला. सकाळी चिंधी सोडली तं बोटावर पान्यानं भरलेले फोड, हात मनगटापर्यंत सुजला, तोंड सुजलं, डोळे मिटले, अंगभर खाज, खाजून खाजून जीव नकोसा. खोबरं चोळलं, तीळ वाटून लावले, अंगाची खाज गेली, बोट नाई गेलं. नवरा जंगलातून आला, त्यानं बोट पाह्यलं अन् तसाच बैल जुपला. दवाखान्यात डाक्टरनं बोट चिरलं, वाटीभर घान निघाली, नख गेलं, अन् त्या घानीत ती फास, ज्वारीच्या दान्यापेक्षा लांब नाई. डाक्टर माह्यावर ओरडला, म्हने अडानी लोक तुम्ही, बिबा लावतात का, पह्यल्याच दिवशी काढाले घरात साधी सुई नवती? मी तोंडावरचा पदर बाजूले केला अन् म्हन्लं, डाक्टरसाहेब, सुई होती, चिमटा होता, चिमटा चालवनाराही होता. हात धराले कोनी नवतं. तो कागदावर लिवत राह्यला. नवरा गाडीत म्हने, बापाची काय चूक, रीतच तशी आहे. मी त्याच्याकडे पाठ करून बसली.

पाहा हे बोट. जीव आहे त्याच्यात, पन वाकत नाई, अन् टोकाले काही समजत नाई, सुई टोचा नाईतं फूल लावा. बुरडाच्या बाईचं हे बोट गेलं म्हन्जे अर्धा धंदा गेला, कामटी दाबाची याच बोटानं. मी मधल्या बोटानं विनाले शिकली, पन माह्या सुपाची कड पह्यल्यासारखी नाई येत. अन् आत्याबाई लोकाले सांगे, गिरजाचा हात पह्यलेपासून जडच आहे.

मंग दोन सालानं दिराचं लग्न झालं, ही कौसी आली. पोट्टीचा हात असा चालाक का पाहत राहावं. एक दिवस पाहते तं डाव्या हातानं विनून राह्यली अन् उजवा हात पदराखाली. म्हन्लं दाखव. दाखवत नाई. हात ओढला तं तेच बोट, तीच जागा, फास नखात. रडून राह्यली होती, पन आवाज नाई. इचारलं कवापासून, म्हने कालपासून. सांगतलं काऊन नाई? तं म्हने, बाई, रीत नाई ना. तिच्या मायनं शिकवून पाठोली होती, सासऱ्यासमोर हात बाहेर काढाचा नाई.

मी सुई लाल करून घेतली, बसली तिच्यासमोर. पन माहं बोट सुई धरन तवा ना! दोनदा सुई सटकली, पोट्टीच्या बोटातून रक्त आलं, अन् फास जागची हालेना. माह्या डोळ्यापुढे ती मोडलेली फास आली. गडी मानसं जंगलात. आत्याबाई खाटेवर. अन् मामाजी अंगनात, तंबाखू मळून राह्यला. तेव्हा मले काय झालं काय सांगू. उठली, उंबऱ्यावरचा चिमटा खुंटीवरून काढला, ह्या हातानं, बाईच्या हातानं, कौसीले दंडाले धरून अंगनात नेलं अन् मामाजीच्या समोर उभी राह्यली. डोक्यावर पदर नवता माह्या. लग्नापासून पह्यल्यांदा त्याच्यासंग बोलली. म्हन्लं, मामाजी, काढा हिची फास.

आत्याबाई आतून वरडली, गिरजे, लाज सोडली का? शेजारपाजार जमला. मामाजी जमिनीकडे पाहत म्हने, लोक काय म्हनतीन. मी हे बोट त्याच्या नाकासमोर धरलं. म्हन्लं, लोकाचं काय घेऊन बसले, ह्याच्याकडे पाहा, दोन साल झाले, तुम्ही एकदाही पाह्यलं नाई, आज पाहा. हे तुमच्या रीतीनं केलं. आता हिचंही कराचं आहे का? मंग मी गावभर हात वर करून सांगत फिरन, का साऱ्या गावाची फास काढनाऱ्याच्या घरात दोन सुना थोट्या.

त्यानं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग हात पुढे केला, चिमटा घेतला, कौसीचा हात गुडघ्यावर ठेवला. म्हातारा डोळ्याले मोठा तिखट. एकदा दाबलं, एकदा ओढलं, फास बाहेर. गुरुजी, चिलीम भरालेही त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागते. एवढंच होतं. एवढंच! कौसी हसली, मामाजीच्या पाया पडली, अन् मी तिथीच अंगनात बसून अशी रडली का शेजारनी पानी घेऊन धावल्या. त्याइले वाटलं खुशीनं रडून राह्यली. खुशी कायची? आभाळ पडलं का त्याच्यावर? धंदा बसला का? का जमीन फाटली? कौसीसाठी नाई झालं काही, तं माह्यासाठीच कसं होनार होतं?

आता तं मामाजीनं कौसीले चिमटा चालवनं शिकवलं, म्हातारपनी त्याचा हात हालते म्हनून. सारं गाव म्हन्ते, म्हातारा किती मोठ्या मनाचा, सुनेले वैद्य केलं, जुनी रीत मोडली. पानठेल्यावर त्याचं नाव निघते. तो आयकून घेते, मान हालवते. माह्यासमोर आला का मातर खाली पाहून जाते, आजपर्यंत एक शब्द नाई बोलला. चुकलं म्हनाले काय लागते हो गुरुजी? फास काढाले लागली तितकीच घडी.

जाऊ द्या. आना ते बोट, नरम झालं असन. कौसे, ये वो, गुरुजीचं बोट पाह्य. देव हिची दहाही बोटं अशीच चालती ठेवो, हिच्या लेकीबाळीचीही ठेवो. माही नऊ आहेत, नवात भागते माहं. दहाव्याचा राग मातर मी मरेपर्यंत ठेवीन, अन् हे लिवाले इसरू नका.