चाकातली टाचणी

मेहुणा : ...आणि हे तुम्ही गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सांगितलंत, भावोजी?

नवरा : हो, मोठ्याने. परत सांगेन. माझ्या मेहुण्याने सायकलला चुंबकाचा दिवा बसवून दिला आणि तो लागलाच नाही. हा हात बघ. खोटं आहे का?

मेहुणा : सकाळपासून दुकानात लोक येतायत. म्हणतात, काढून टाक तुझी चुंबकं. ती शाळेतली बाई, परवा हौसेने बसवून घेऊन गेली, तीसुद्धा.

नवरा : काढून दे मग. हातपाय तरी शाबूत राहतील त्यांचे.

मशीन : खडखडखडखड.

नवरा : आणि ही तुझी बहीण. नवऱ्याचा हात प्लास्टरमध्ये आणि ही कुणाच्या तरी बाह्या जोडत बसलीय. हात मोडल्यापासून तोंडातून शब्द नाही. काही विचारलं की शिलाई मशीन सुरू.

मशीन : खडखडखडखडखडखड.

नवरा : ऐकलंस? हे उत्तर.

मेहुणा : ताईला मध्ये आणू नका. मागून धडकला तो टेम्पोवाला काय म्हणाला ते सांगा.

नवरा : म्हणाला, पुढे नुसता काळोख होता, त्या काळोखातून तुम्ही निघालात. मी पडल्या जागेवरून त्याच्यावर ओरडतोय, आंधळा आहेस का, मागे लाल दिवा आहे माझ्या. शपथा घेतोय. मागचा दिवा मला कुठे दिसतो? मी तुझ्या भरवशावर. त्याने सायकल उचलली, मागचं चाक सगळ्यांसमोर गरगर फिरवलं आणि म्हणाला, दाखव कुठाय. आमच्या पावाच्या भट्टीवरची सगळी माणसं बाहेर आली होती. मालकसुद्धा. पीठ मळता मळता केस पांढरे झाले माझे तिथे...

मेहुणा : ते पिठाने.

नवरा : थोबाड बंद. मालक म्हणाला, दिव्याशिवाय पहाटे सायकल चालवतोस आणि वर दुसऱ्याला आंधळा म्हणतोस? हात बरा होऊ दे, मग बघू. बघू, म्हणाला. म्हणजे कळलं ना? तुझ्यापायी मी तिथे खोटारडा ठरलो. तुझे दिवे काढ, उचल आणि चालायला लाग. या घरात परत पाऊल टाकू नकोस.

मशीन : खड. खडखड.

मेहुणा : जाईन. पण आधी चाक बघणार. बसवला त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, सेल नको, बटण नको, पाय मारला की लागतो, बायकोपेक्षा बरा, सांगावं लागत नाही? पोट धरून हसत होतात.

नवरा : तेव्हा लागत होता.

मेहुणा : मग आता का लागत नाही? सरका. भिंतीला टेकवतो. मागचं चाक उचललं. बघा.

चाक : सर्रर्रर्र.

दिवा :

नवरा : दिसलं?

मेहुणा : दिसलं. दिव्याला काही झालेलं नाही. आऱ्यांना ही दोन चुंबकं. चाक फिरलं की ती दिव्याच्या तोंडाजवळून जायला हवीत, मध्ये पुठ्ठ्याएवढी फट. तेव्हा तो लुकलुकतो. ही गेलीयत पलीकडच्या आऱ्यांवर. दिवा डाव्या बाजूला, चुंबकं उजव्या. आयुष्यभर पाय मारलात तरी लागणार नाही. भावोजी, हे मी बसवलेलं नाही.

नवरा : मग काय उंदराने बसवलं?

मेहुणा : तुम्ही खोललंत.

नवरा : माझ्या हाताला पिठाशिवाय दुसरं काही लागत नाही. स्वतःचं झाकायला माझ्यावर ढकलतोस?

मेहुणा : स्क्रूवर ओरखडे आहेत. एकदा नाही, पुष्कळदा खोललाय. इतका बारीक पेचकस माझ्या दुकानात नाही. आणि या चुंबकाला काहीतरी चिकटलंय.

नवरा : काय?

मेहुणा : टाचणी.

मशीन : खड.

मेहुणा : ताई?

मशीन :

बायको : मी काढते ती चुंबकं.

नवरा : तू?

बायको : मी. मशीनची सुई बदलायचा पेचकस आहे ना, त्याने. काम संपलं की काढायची, सगळ्या फरशीवरून फिरवायची, पलंगाखालून, उंबऱ्यापर्यंत, आणि परत चाकाला लावायची.

नवरा : कशाला?

बायको : कशाला? तुम्ही विचारता?

नवरा : विचारतोय.

बायको : तुमच्या पायात सुई गेली होती तेव्हा काय म्हणालात? आठवत नसेल. गल्लीला नाही सांगितलंत ते, फक्त मलाच ऐकवलंत. पुन्हा एक सुई दिसली तर हे मशीन बाहेर फेकीन. जेवताना तेच, झोपताना तेच. माझी आई आली तर तिच्यासमोर मोजा काढून टाच दाखवलीत. पाहुण्यांना दाखवायची वस्तू झाली होती ती टाच.

नवरा : रक्त आलं होतं.

बायको : आलं होतं. पुसलं कुणी? मी रोज गुडघ्यावर बसून हाताने फरशी चाचपायचे. मग याने ती चुंबकं आणली. कामाची वस्तू प्रथमच कुणी या घरात आणली, तीही तुमच्या सायकलला.

मेहुणा : मला सांगायचं. दुकानात डबाभर पडलीत.

बायको : तू कशाला म्हणून विचारलं असतंस. मग यांना म्हणाला असतास, ताईच्या सुया फार सांडतात वाटतं. तुझ्या पोटात काही राहतं का?

मेहुणा : नाही राहत.

नवरा : आणि त्या रात्री? रोज नीट लावायचीस ना? त्याच रात्री हात वाकडा पडला?

बायको : त्या रात्री फरशी झाली होती, चुंबकं चाकाला लावायलाच घेतली होती. तुम्ही पलंगावरून ओरडलात, दिवा घालव, मला पहाटे उठायचंय. मी म्हटलं, थांबा जरा. तुम्ही उठून स्वतः घालवलात. काय करतेय ते विचारलंत का? अंधारात आरे मोजत बसले मी. हाताला कुठली बाजू ते कळलं नाही.

नवरा : बोलायचं तरी. इतके दिवस माझा जीव जळतोय, मी याला शिव्या घालतोय, तू ऐकतेयस.

बायको : ऐकत होते. हात मोडून आलात तेव्हाच मला कळलं होतं. तोंड उघडलं असतं तर मशीन गेलं असतं. जाऊ दे आता. फेका. पण याचं दुकान माझ्यापायी बसता कामा नये. जा आणि सांगा सगळ्यांना, दिवा चांगला आहे, माझ्या बायकोने बिघडवला. सांगताना टाचेपासून सुरुवात करा.

नवरा : ते काय सांगायचं असतं?

बायको : तेच सांगायचं असतं.

मेहुणा : मी निघू का?

नवरा : बस. चुंबकं लाव आधी.

मेहुणा : लावली. फिरवा तुम्हीच. डावा हात आहे ना.

चाक : सर्रर्र.

दिवा : लुकलुक. लुकलुक. लुकलुक.

नवरा : थांबवलं की जातो?

मेहुणा : जातो. फिरत राहावं लागतं.

नवरा : एकावर चालेल? एक हिला राहू दे.

बायको : नको मला उपकार.

मेहुणा : दोन्ही चाकालाच राहू द्या. ताईला मी मोठं आणतो, दांड्याला बांधून. वाकायला नको.

नवरा : आण. आणि आत्ता दुकानाकडे जातोयस ना? मी येतो. ती शाळेतली बाई कुठे राहते?

मेहुणा : वळणावर.

नवरा : आधी तिच्याकडे. मग भट्टीवर. मालकाला काय सांगू कळत नाही, पण जातो. चपला कुठे गेल्या माझ्या? असू दे. दारात असतील.

बायको : थांबा. पाऊल टाकू नका.

नवरा : आता काय?

बायको : मघाशी माझ्या हातून सुई पडलीय.

नवरा : शोध. मी उभा आहे.