साडेबाराचं जेवण

आमचं घर अग्रहारात, म्हणजे इथल्या जुन्या ब्राह्मणवस्तीत. आजोबांच्याही आधी कोण कुठून म्हैसुरात आलं ते मला विचारू नका, घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर कन्नड एवढंच आम्हाला ठाऊक, आणि ते मराठीही अर्धं कन्नडच, तुम्ही पुण्याकडची माणसं ऐकून हसता, हसा. वडील शाळामास्तर होते. मी सरकारी कचेरीत कारकून लागलो, सुपरिंटेंडंट होऊन निवृत्त झालो, सगळ्या नोकरीत एकदाही हजेरीला उशीर नाही. मोठेपणा म्हणून नाही सांगत, वेळेचं वेड मला तिथं लागलं म्हणून सांगतो.

माझी बायको कमला. बडबडी. इकडं संक्रांतीला एळ्ळुबेल्ल वाटतात, तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, डाळं, सगळं एकत्र, आणि गूळ-खोबरं दाण्याएवढं बारीक कापायचं असतं. ती आधीपासून विळी घेऊन बसायची, अंगठ्याला चिंधी बांधून. मग सणाला नवी साडी नेसून, ताट घेऊन तीस-चाळीस घरं फिरायची, आणि तितक्याच बायका आमच्याकडे यायच्या. वर्षभराच्या गप्पा त्या एका दिवसात.

मग तिला शुगर निघाली. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, घाबरू नका अम्मा, भात कमी, भाजी जास्त, सगळं खा पण थोडं थोडं, सणाला एखादा गोड घासही चालेल, आनंदानं खा. आणि ही गोळी घेतल्यावर उपाशी राहू नका, हात थरथरले, घाम आला तर लगेच साखर तोंडात टाका. मी शेजारीच बसलो होतो. काय सांगू तुम्हाला, शब्द न् शब्द ऐकला होता मी. पण मला वाटलं, हा माणूस फार मऊ आहे, असं कुठं शुगर हटते का?

घरी येऊन मी तक्ता केला आणि स्वयंपाकघरात चिकटवला. सकाळी कारल्याचा रस. साडेबाराला नाचणीचा उंडा, मुद्दे म्हणतो आम्ही, तो एक, लिंबाएवढा, वर पालेभाजी. एळ्ळुबेल्ल करायचंही नाही, घ्यायचंही नाही. दारात ताट घेऊन आलेल्या बायकांना मीच सांगायचो, बेडम्मा, नको, आमच्याकडे शुगर आहे. दोन संक्रांतींत बायका यायच्या थांबल्या. कमला म्हणाली, अहो, मी खात नाही, पण वाटायला जाऊ तर द्या. मी म्हटलं, गेलीस की खाशील. तर म्हणते, कचेरीत शिपायांना तरी चहाला सोडत होतात ना हो? मी हसलो नाही. पुढं पुढं तिनं बोलणंच सोडलं, मुद्दे गिळायची आणि ताट उचलायची. आणि बागेत फिरायला येणारी माणसं मला म्हणायची, सर, कंट्रोल असावा तर तुमच्यासारखा. मला ते गोड लागायचं बघा.

चार वर्षांमागची संक्रांत. दोन दिवसांनी रक्ताची तपासणी होती, रिपोर्ट चांगला यावा म्हणून मी तिचा नाश्ता निम्मा केला होता, गोळी मात्र पूर्ण. शेजारी नवीन बिऱ्हाड आलेलं, त्या बाईला आमचं काही ठाऊक नव्हतं, ती एळ्ळुबेल्लाची पुडी कमलाच्या हातात देऊन गेली. साडेअकराला कमला म्हणाली, अहो, हात थरथरतायत, काहीतरी द्या. मी म्हटलं, सण बघून नाटक करतेस, तासाभरात जेवण आहे, थांब. तिच्या कपाळावर घाम होता. मी पाहिला होता. ती पुन्हा म्हणाली, द्या हो. मग तिनं पुडी फोडली, मूठ भरली, आणि मी तिचं मनगट धरलं, एकेक बोट उघडून सगळं काढून घेतलं. ती माझ्याकडे बघत राहिली, रागानं नाही, हा कोण आहे असं. मग भिंतीला टेकत खाली बसली, आडवी झाली. तरी मला नाटकच वाटलं.

इस्पितळात म्हणाले, शुगर वाढलेली नाही, पार उतरली होती, थोडं गोड पोटात गेलं असतं तर ही वेळ आली नसती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मुलगी मंगला इथंच गावाच्या टोकाला, हिनकलला असते. संक्रांतीलाच इस्पितळात धावत आली होती, अप्पा, काय झालं हो? आईच्या पदराला गुळाचे कण चिकटलेले तिला दिसले. मी म्हटलं, चोरून खाल्लं गं तिनं. अगदी सहज निघालं तोंडातून. बाराव्याला पाहुणे म्हणाले, बिचाऱ्यानं किती जपलं, हिलाच धीर नव्हता. मी मान खाली घालून ऐकलं.

गेल्या महिन्यात मंगलाला शुगर निघाली. आली ती निम्मी झालेली, पोरांबरोबर जेवतसुद्धा नाही म्हणाली, मोह नको म्हणून. अप्पा, अम्माचा तो तक्ता द्या, मी अम्मासारखी चोरून खाणार नाही. तेव्हा सांगितलं सगळं. उभ्यानंच ऐकलं तिनं. एकच विचारलं, अम्मानं मागितलं होतं? मी म्हटलं, दोनदा. तिनं चपला घातल्या आणि गेली.

त्यानंतर फोन नाही. मी केला तर उचलत नाही. जावई म्हणतात, जेवते, पण ताटाकडे बघत बसते. माफी कुठल्या तोंडानं मागू? माझ्या तोंडून तिला आता काही पोचणार नाही, म्हणून तुम्हा लिहिणाऱ्या माणसाला बोलावलं, तुमचं लिहिलेलं तरी ती वाचेल. लिहा. मंगला, तुझा डॉक्टर सांगेल ते ऐक, माझं काहीएक ऐकू नकोस. सगळं खा, थोडं खा, पोरांना जवळ घेऊन खा. सुखी राहा बाळ. माझ्याकडे नाही आलीस तरी चालेल.