पुठ्ठ्यावरचं टायपिंग

शेषेरावांच्या थोरलीचं लग्न झालं, त्याच साली, ब्याऐंशीत, लातूर जिल्हा झाला. पुढच्या जूनमध्ये, विहिरी आटलेल्या असताना, ते जावयाच्या नोंदवलेल्या नावाचं पुढं काय झालं याची चौकशी करायला रोजगार कचेरीच्या रांगेत उभे होते. पुढे गल्लीतले किराणा दुकानदार वीरण्णा आणि त्यांची दहावी झालेली लेक रत्नम्मा.

“जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या. टायपिस्ट लागणारच की, शेषेराव!”

“पोरीला टायपिंग येतंय?”

“क्लासात मशीन एक, पोरं चाळीस. मास्तरनं पुठ्ठ्यावर अक्षरं काढून दिलीत. घरी मिनिटाला तीस शब्द मारती!”

“मोजतं कोण?”

“हिची आई.”

“आईला वाचता येत न्हाई, अप्पा.”

“तू गप. आवाजावरून कळतंय तिला.”

“अप्पा, सायन्सचा फॉर्म आज बारा वाजेपर्यंतच घेणार हायत. तुमच्याच खिशात हाय.”

“कॉलेज दरसाल उघडतंय, रत्ना. जिल्हा एकदाच होतोय!”

“मला डॉक्टर व्हायचंय.”

“हो की! आधी नोकरी लागू दे.”

“फॉर्मवर सही केलीय का?”

“केलीय.”

“मग द्या इकडं.”

“अन् इथं साहेबानं टायपिंग करून दाखव म्हटलं तर?”

“पुठ्ठा तुमच्याजवळच हाय. तुम्ही वाजवा.”

सगळी रांग हसली. वीरण्णांनी हसत हसतच फॉर्म काढून दिला आणि रत्नम्मा कॉलेजकडे पळत सुटली.

“शेषेराव, डॉक्टरला हाताखाली टायपिस्ट लागतो का हो?”

वीरण्णा अठ्ठ्याऐंशीच्या पौषात वारले. त्यांची शेवटची नाडी डॉक्टरकी शिकणाऱ्या रत्नम्मानेच पाहिली.