अर्धवेळच तर आहे!

...आणि वर मलाच विचारते, "अत्ती, मेलेल्या माणसाला पेरू खावासा वाटतो का हो?" आता सुनेने सासूला विचारायचा प्रश्न आहे का हा, तुम्हीच सांगा! तेही कधी, तर मी तव्यावर भाकरी टाकलेली, डोळ्यांत धूर, गुडघ्यात कळ, आणि ही दारात उभी, डोक्यापासून पायापर्यंत धुळीने पांढरी, हातात पेरूचा देठ! भाकरी जळली. जळणारच. मी म्हटलं, "दाक्षायणी, आधी नाक पूस, मग मेलेल्यांचं बोल."

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल चन्नव्वाचं डोकं फिरलंय. फिरलंच होतं म्हणा, पण कशाने ते ऐका.

माझा बसवराज, आमचा बसू, इथंच धारवाडात एका शिक्षणसंस्थेच्या रेकॉर्ड रूमचा कारकून. जुन्या पोरांचे दाखले, मार्कांचे कागद, सगळं लाल फडक्यात बांधून रॅकवर चढवलेलं. कुणी म्हातारा आला, दाखला पाहिजे म्हणाला, की बसू उठायचा, सरळ जायचा, गाठोडं काढायचा, कागद हातात! त्या अंधाऱ्या खोलीत तो इतका खूश असायचा की लग्नात पण एवढा हसला नव्हता. मग कावीळ झाली आणि बघता बघता गेला. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही, बोलायला लागले की गोष्ट तिथंच राहते.

तर संस्थेचे सेक्रेटरी हिरेमठ सर घरी आले. माणूस चांगला, डोळ्यांत पाणी वगैरे. म्हणाले, "अव्वा, बसूची जागा तुमच्या सुनेला. अनुकंपा आहे, माझा शब्द आहे." मी हात जोडले. घरात दोन बायका, कमावतं कुणी नाही, हात जोडणार नाही तर काय करणार? पण सर उठता उठता म्हणतात, "फक्त एक आहे अव्वा... आता नियम बदललाय, लायब्ररी सायन्सची डिग्री लागते." अय्यय्यो! माझा बसू बी.ए. नापास, त्याला ती खुर्ची चालली, आणि त्याच खुर्चीत त्याच्या बायकोने बसायचं तर डिग्री!

बरं. शिकली बिचारी. पोरं हिच्या निम्म्या वयाची, वर्गात तिला आंटी म्हणायची, तरी शिकली. डिग्री हातात येतेय तोवर तिला आणि एक शेपूट निघालं, इंटर्नशिप! म्हणजे काय, तर बिनपगारी राबायचं आणि वर सर्टिफिकेट द्या हो म्हणून मागे फिरायचं. ते नाही तर डिग्री नाही, डिग्री नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर आम्ही दोघींनी काय करायचं, ते नियमात लिहिलेलं नाही. हिरेमठ सर म्हणाले, "घाबरता कशाला? आपल्याच रेकॉर्ड रूममध्ये करू दे. दुपारी दोन ते सहा. अर्धवेळच तर आहे!"

अर्धवेळच तर आहे! सकाळी क्लास, दुपारी धूळ, रात्री पुस्तकं, मग घरातलं अर्धं कुणी करायचं? या गुडघ्यांनी! आणि घरी येऊन मला धडे. "अत्ती, कागदाजवळ पेन न्यायचं नाही, पेन्सिलच." घरातली पेनं गायब! किराण्याची चिठ्ठी तिने पेन्सिलीने लिहिली, आणि दुकानदार मला म्हणतो, "काय चन्नव्वा, पुसून परत देणार का?"

पण हे सगळं मी सोसलं असतं हो. खरी गंमत पुढे. गंमत कसली, जिवाला घोर!

काम असं होतं बघा, बसू गेल्यावर खोलीला कुलूप, मग साफसफाईच्या नावाखाली गड्यांनी गाठोडी खाली-वर केलेली. ही रोज दुपारी एक रॅक घ्यायची, झाडायची, गाठोडी जिथल्या तिथे लावायची. जिथल्या तिथे म्हणजे, रॅकच्या फळीवर बसूने खडूने नावं लिहिलेली, त्याप्रमाणे. सहाला कुलूप, किल्ली ऑफिसात, घरी. दुसऱ्या दिवशी दोनला जाऊन बघते तर... सगळं हललेलं! खालचं वर, डावीकडचं उजवीकडे. परत लावलं. परत हललं! उंदीर म्हणावं तर उंदीर गाठ सोडून परत बांधतो का? आणि बांधतो ते फुलाची गाठ?

शेजारची गिरिजव्वा आहेच तेल ओतायला. "चन्नव्वा, तुझा बसूच असणार ग. जीव अडकलाय कागदांत." मी म्हटलं, गप बस, जिवंतपणी स्वतःचा शर्ट खुंटीला लावला नाही त्याने, मेल्यावर रॅक लावायला येतोय होय! असं तिला म्हटलं खरं. पण रात्री अंथरुणात... जाऊ दे.

दाक्षायणीचं मात्र वेगळंच. आधी रोज शिंकत, कुरकुरत यायची, आता उशिरा यायला लागली. शेवटी एक दिवस तिने काय केलं असेल? टेबलावर पेरू ठेवून आली! बसूला पेरू फार आवडायचा, तिखटमीठ लावून. तिथं खायचं न्यायला सक्त मनाई, मुंग्या लागतात, कागद खराब होतो, हे मला शंभरदा सांगणारी ही! आणि दुसऱ्या दिवशी पेरू खाल्लेला. टेबलाखालच्या टोपलीत बिया. "अत्ती, मेलेल्या माणसाला पेरू खावासा वाटतो का हो?"

मी म्हटलं, "खावासा वाटत असेल, पण बिया थुंकत नसेल!" आणि तिने माझ्याकडे असं बघितलं... तेव्हा मला कळलं, ही घाबरलेली नाहीये. हिला वाटतंय तो यावा! राग आला मला, खोटं कशाला सांगू. तो माझा पोरगा. आला असता तर आधी माझ्याकडे नसता का आला?

सकाळी उठले, हातात झाडू घेतला. "चल," म्हटलं, "क्लास बुडव. आज सकाळीच जायचं." रिक्षावाला विचारतो, "अव्वा, झाडू घेऊन कुठं?" म्हटलं, भूत झाडायला!

रेकॉर्ड रूमचं दार उघडं! आत खुडखुड, खुडखुड. दाक्षायणीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मी झाडू उगारून आत शिरले, आणि रॅकच्या मागून किंकाळी, "या अल्लाह!" आणि हातातलं गाठोडं पायावर पडलं. तिच्या नाही, माझ्या!

एवढीशी पोरगी हो! नाकाला फडकं, हातात मोजे, गळ्यात तावीज. "तुम्ही... तुम्ही दुपारच्या का?" म्हणते.

"दुपारच्या म्हणजे?"

"म्हणजे मी सकाळी सगळं लावून जाते, दुपारी कुणीतरी मोडतं! अम्मी म्हणाली इथं काहीतरी आहे, हा तावीज तिनेच बांधला."

शाहीन नदाफ नाव. गाव नवलगुंद, आई जमखाना विणते, ही हुबळीच्या कुठल्या कॉलेजात लायब्ररी सायन्सला, आणि हिची पण इंटर्नशिप! सकाळी नऊ ते एक. अर्धवेळच तर आहे! हिला कुणी सांगितलं नाही की दुपारी एक आहे, आमच्या हिला कुणी सांगितलं नाही की सकाळी एक आहे. महिनोन् महिने ही सकाळी लावतेय, ती दुपारी मोडतेय, ती दुपारी लावतेय, ही सकाळी मोडतेय, आणि दोघी घरी जाऊन रडतायत! "आणि पेरू?" दाक्षायणीने विचारलं. शाहीन मान खाली घालून म्हणते, "मला वाटलं सरांनी ठेवला, अक्का. भूक लागली होती."

मी पोट धरून हसले बघा. हसता हसता दाक्षायणीकडे बघितलं आणि थांबले. तिचा चेहरा असा झाला होता, जसा दवाखान्यातून बसूला घरी आणलं त्या दिवशी. दुसऱ्यांदा गेला तो तिच्यासाठी. माझ्या हसण्यानेच गेल्यासारखा.

मग ती एकदम भडकली. शाहीनवर! "गाठोडी हलवायचा अधिकार कुणी दिला तुला? ज्याने ठेवलं त्याने ज्या क्रमाने ठेवलं तो क्रम मोडायचा नाही, हे शिकवलं नाही तुमच्या कॉलेजात?"

"शिकवलंय की, अक्का! पण क्रम असेल तर ना! आमच्या मॅडम म्हणतात, जिथं क्रम नाही तिथं वर्षाप्रमाणे लावा. हा काय क्रम आहे? ना वर्ष, ना अक्षर, नुसती गावं, ती पण कशीही!" आणि ती फळीवरची खडूची नावं तावातावाने वाचायला लागली, "बघा, अमीनभावी. मग हारोबेळवडी. मग इनामहोंगल. मग सौंदत्ती..."

मला वाचता येत नाही हो. इतका वेळ त्या फळ्या माझ्यापुढे होत्या, मला नुसत्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या. पण नावं कानावर पडली आणि मी ओरडले, "थांब, परत वाच!"

आमचे हे, बसूचे अप्पा, जन्मभर धारवाड-सौंदत्ती गाडीवर कंडक्टर. शाळेला सुट्टी लागली की बसू त्यांच्याबरोबर गाडीत, आणि घरी आला की अंगणात पाट मांडून तीच गाडी, तेच ओरडणं, "अमीनभावी, अमीनभावी उतरा! हारोबेळवडी! इनामहोंगल! चला सौंदत्ती!" माझ्या पोराने रेकॉर्ड रूम लावली नव्हती हो, अप्पांची गाडी लावली होती! म्हातारा खिडकीत येऊन म्हणायचा, मी इनामहोंगलचा, की हा मनातल्या मनात तीन स्टॉप मोजायचा आणि हात घालायचा.

मी सांगितलं दोघींना. शाहीनने तोंडावरचं फडकं काढलं. म्हणाली, "मग हा क्रमच आहे, अज्जी. मीच चुकले." अज्जी म्हणाली मला. एरवी मी सोडलं नसतं.

तेवढ्यात हिरेमठ सर! "अरे वा, भेटलात का दोघी? मला वाटलं तुम्ही आपापसात ठरवून करताय. दोन अर्ध्या मिळून एक पूर्ण!" आणि मग सावकाश, टकलावरून हात फिरवत, "फक्त एक आहे... सोमवारी तपासणीला लोक येतायत. वरून आलेल्या नमुन्यात वर्षाप्रमाणे मागितलंय. तसं नसेल तर मी सही कशी करू? दोघींचीही सर्टिफिकेटं अडकतील."

दाक्षायणी म्हणाली, "नको मला सर्टिफिकेट."

असं सरळ! सरांपुढे! शाहीन बिचारी रडवेली, तिचंही अडकणार ना. आणि मी... तुम्हाला वाटेल आई म्हणून मी सुनेची पाठ थोपटली असेल. छे! मी म्हटलं, "मोड."

"अत्ती, हे त्यांचं आहे."

"त्याचंच आहे, मला कोण शिकवतंय? मी जन्म दिलाय त्याला! पण या गाडीत बसून आपण दोघी कुठं जाणार? माझे गुडघे गेले, तुझं वय जातंय. उद्या मी गेल्यावर तुला कोण विचारणार? मोड म्हटलं ना, मोड!" ओरडले मी. माझा आवाज त्या खोलीत इतका मोठा झाला की सर बाहेर निघून गेले.

मग आम्ही तिघींनी ती गाडी रिकामी केली. मी स्टुलावर बसले, शाहीन फळीवरचं नाव वाचायची, आणि मी ओरडायची, "अमीनभावी, उतरा!" दाक्षायणी गाठोडी उतरवायची. "हारोबेळवडी, उतरा, पोरं सांभाळा!" शाहीनला आधी हसू आलं, मग ती पण नाक ओढायला लागली. दाक्षायणी प्रत्येक गाठोडं छातीशी धरून खाली आणत होती. सौंदत्ती आली तेव्हा माझ्या तोंडून आवाजच फुटेना. दाक्षायणीनेच म्हटलं मग, हळूच.

रविवारपर्यंत सगळं वर्षाप्रमाणे लागलं. सोमवारी माणसं आली, चहा प्याली, मिरची-भजी खाल्ली, एकही गाठोडं न सोडता उत्तम म्हणाली. सह्या झाल्या. डिग्री आली. आणि परवा हिरेमठ सर स्वतः ऑर्डर घेऊन घरी आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. मी दिवा लावला, बसूच्या फोटोपुढे कागद ठेवला.

सर चहा पिऊन उठले, टकलावरून हात फिरवला. "फक्त एक आहे, अव्वा... वरून पूर्ण जागा मंजूर होईना. मग मी भांडून भांडून तिचे दोन भाग करून आणले. सकाळची शाहीनला, दुपारची आपल्या दाक्षायणीला. अर्धवेळच आहे, पण आहे!"

घेतली. न घेऊन सांगता कुणाला? उलट त्यांच्या हातावर पेढा ठेवला, दारापर्यंत सोडायला गेले. परत आले तर दाक्षायणी त्या फोटोपुढे बसलेली, म्हणते, "अत्ती, रागावलात?" रागावू कुणावर, बाई?... पोरगा अख्खा गेला हो माझा, नोकरी तेवढी अर्धी परत आली.