बंद खात्यातलं टपाल

दाताच्या दवाखान्यात मास्तरीणबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारी गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेले दोघं हळू आवाजात बोलत होते, एक साहेब आणि त्यांच्या हाताखालची मुलगी.

"सर, सगळ्यांचे मेल नव्या सर्व्हरवर गेले. स्टोअरकीपर काकांचे तेवढे राहिलेत."

"ते वारले की दोन वर्षांपूर्वी. त्यांचं खातं मीच बंद केलंय."

"बंदच आहे. पण त्यावर रोज त्यांच्या बायकोचा एक मेल येतो. आणि प्रत्येक मेल वाचलेला दिसतो."

"कुणाकडे तरी पासवर्ड असेल."

"बंद खात्यात पासवर्ड चालत नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"मग पुसून टाक."

"त्याआधी विचारावं म्हणून घरी फोन केला. त्यांच्या लेकीनं उचलला. म्हणाली, आईला जाऊन वर्ष होत आलं."

"आणि शेवटचा मेल कधीचा?"

"तेव्हा बघितलं, तर आदल्या दिवशीचा."

साहेबांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"पुसलंस का मग?"

"हात धजेना, सर. नव्या सर्व्हरवर हलवलं. आज सकाळी तिथंही एक आला."

"काय लिहिलंय?"

"'जागा बदललीत वाटतं.' एवढंच. मी उघडायच्या आत तो वाचलेला होता."

आतून मास्तरीणबाईंचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी समोरच्या आजोबांना खूण केली, तुम्ही जा आधी.