तोफा उतरवलेली बोट

मंडळी, भर उन्हाचे तुम्ही सगळे आमच्या बाबांसाठी आले. कुणी तेल्हाऱ्याहून, कुणी जुन्या शहरातून. मी बोलाले उभी राहिली. आई समोरच बसली आहे. घरून निघताना तिनं मले बजावलं, "सुनंदा, माणूस गेला. आता काहून उघडं पाडतं त्याले?"

आई, रागावू नको. मी बोलणारच.

आत्ताच अध्यक्षसाहेब म्हणाले, उद्या आपल्या चौकात बोर्ड लागणार. 'तोफची देवीदासभाऊ चौक'. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली पाहत बसली.

मंडळी, आमच्या बाबांनी तोफ कधीच उडवली नाही.

हो, हो, माहीत आहे मले. दरवर्षी झेंडावंदन झालं की याच हॉलात ते सांगत. नेव्हीतली नोकरी, इंग्रजांच्या जमान्यातली लढाऊ बोट, तिची ती तोफ. त्याईनं "धडाम!" म्हटलं की पोरं किंचाळत. मीही किंचाळली. सासरी छाती फुगवून सांगितलं, माझा बाप तोफची होता.

बाबा गेले त्या दिवशी हमीदचाचा आले. ते बघा, मागं खांबापाशी बसले आहेत. बाबांच्या सोबत त्याच बोटीवर होते. मी म्हटलं, चाचा, तोफेची एखादी गोष्ट सांगा ना. ते माझ्याकडे पाहतच राहिले.

"बेटा, तोफ कुठली? बोट बुढी झाली होती. आमी चढाच्या आधीच तोफा उतरवल्या, पाण्याच्या टाक्या बसवल्या. मोठ्या जहाजाईले प्यायचं पाणी न्यायचं, भाजीपाला न्यायचा, चिठ्ठ्या न्यायच्या. नळी ओढू ओढू हाताची सालं निघत."

"मग बाबा असं काहून सांगत?"

"पहिल्या साली खरंच सांगितलं त्यानं. लोक हसले. म्हणे, मंग काय फौजेत पाणक्या होता का? दुसऱ्या साली तोफ आली."

आणि चाचा, तुम्ही दरवर्षी मागं बसून टाळ्या वाजवत होते! मी विचारलं तर म्हणाले, "दोस्त होता. मले काय जाते?"

मंडळी, मले लाज वाटली. आधी बाबांची वाटली, खोटं बोलले म्हणून. आता माझी वाटून राहिली, बापाची गोष्ट चारचौघांत उघडी केली म्हणून. आणि आपली वाटते, आपल्या सगळ्यांची. अहो, अकोल्यात राहतो आपण! उन्हाळ्यात नळाले पाणी नसलं की टँकरमागं बादल्या घेऊन पळतो. टँकरवाल्याले भाऊ म्हणतो, दादा म्हणतो. आणि भर समुद्रात पोराईले प्यायचं पाणी पोचवणाऱ्या माणसाले हसलो? इतकं हसलो, की त्याले जन्मभर खोट्या तोफेमागं लपावं लागलं?

अध्यक्षसाहेब, तो 'तोफची' शब्द काढा. 'देवीदासभाऊ, पाण्याच्या बोटीवरचे नौसैनिक' असं लिहा. ते लिहाची लाज वाटत असेल, तर बोर्डच लावू नका.

आई, रडू नको. बाबा, तुमची गोष्ट मी मोडली. मले माफ करा.

आता सगळे उभे राहा. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. पाणी पोचवणाऱ्या देवीदासभाऊले त्यांच्या पोरीचा नमस्कार.